नऊ किलोमीटर, उत्तम डांबरी

तिसऱ्या वेळेला गाडी नापास झाली तेव्हा तपासणी केंद्रातल्या पाटोळे मॅडमनी मला बसायला खुर्ची दिली. पहिल्या दोन वेळेला दिली नव्हती. प्रकरण हाताबाहेर गेलंय हे मी त्या खुर्चीवरूनच ओळखलं.

"काका, गाडी कोण चालवतं?"

"मीच."

"आणखी कोणी?"

"आमच्या आंबेधारात अकरा घरं आणि गाडी एकच. चालवतो मी. बाकीचे ढकलतात."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पुढच्या कमान्या निकामी, मागचे शॉकअब्सॉर्बर निकामी, चासी पिळलेली, वाहन प्रवाशांस धोकादायक. यातली चासी सोडली तर बाकी सगळं अठरा दिवसांपूर्वी नवं कोरं बसवलं होतं. आणि चासी हारून मिस्त्रीने माझ्यासमोर दोरी लावून मोजली होती. एका सुताचाही फरक नव्हता.

"मॅडम, तुम्ही स्वतः वाकून बघा की खाली."

"मी बघून काय होणार? माझं मत टाकायला त्यात रकानाच नाही," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. "तीनदा नापास म्हणजे आता तीस दिवसांची मुदत. नंतर इंजिन आपोआप बंद होईल. पुन्हा चालू होणार नाही."

मी तीस दिवस मोजलेच नाहीत. त्यातले मंगळवार आणि शुक्रवार मोजले. नऊ भरले.

हौसा बाहेर गाडीत बसली होती. हौसा माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या, तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी तालुक्याला आणतो. चार तास यंत्र तिचं रक्त धुतं, आणि त्यानंतर तिला धड उभंही राहवत नाही. फाट्यापासून आमची वाडी नऊ किलोमीटर, सगळा चढ. तो चढ चढणारी एकच गाडी आहे, माझी ही फोर-व्हीलची जीप, आणि तिलाच यंत्राने धोकादायक ठरवलं होतं.

"काय म्हनल्या बाई?" हौसाने विचारलं.

"बसायला खुर्ची दिली."

"मग लईच वाईट असंल," ती म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

ही चालपरीक्षा काय भानगड आहे ते सांगतो. इच्छा नसताना मी त्या विषयातला जाणकार झालोय.

पूर्वी गाडीची वार्षिक तपासणी म्हणजे साहेब गाडीभोवती एक फेरी मारायचे, हॉर्न वाजवायला लावायचे, दिवे लावायला लावायचे आणि सही करायचे. एका दिवसापुरते चांगले टायर मागून आणून लावले की गाडी पास. त्यापायी माणसं मेली, हेही खोटं नाही. मग धक्कापेटी आली. असते काडेपेटीएवढीच, पण चासीला खालून कायमची डकवलेली. गाडीला बसणारा प्रत्येक धक्का ती सेकंदाला हजार वेळा मोजते, आणि तो कुठल्या जागी बसला तेही उपग्रहाकडून घेऊन नोंदवते. वर्षभराचे धक्के एकत्र केले की गाडीची चाल कळते. ढिली कमानी, मेलेला शॉकअब्सॉर्बर, चिरलेली चासी, सगळं न उघडता सापडतं.

आता यातली मेख. गाडीला बसणारा धक्का दोन गोष्टींवर ठरतो: रस्ता किती खराब आणि गाडी किती खराब. समीकरण एक आणि अज्ञातं दोन. बारावीपर्यंत गणित केलेल्या कुणालाही कळेल की एक माहीत असल्याशिवाय दुसरं निघत नाही. ज्यांनी हे यंत्र काढलं ती माणसं हुशार होती. त्यांनी म्हटलं, रस्ता तर माहीतच आहे. राज्यातला प्रत्येक रस्ता सरकारी नकाशात आहे. लांबी, रुंदी, डांबरी की खडीचा, प्रत उत्तम की वाईट. सपाट फरशीवरून चालताना माणूस लंगडत असेल तर दोष फरशीत नसतो, पायात असतो. शहरात हे बिनचूक चाललं. अपघात निम्म्यावर आले.

नकाशात चूक असेल तर त्याचीही सोय त्यांनी केली होती. एकाच रस्त्यावरून तीस वेगवेगळ्या गाड्या गेल्या आणि तिसांनाही तिथेच धक्के बसले, तर यंत्र आपणहून समजतं की गाड्या धडधाकट आहेत आणि रस्ता बिघडलाय. मग ते नकाशा दुरुस्त करून घेतं. फक्त तीस गाड्या लागतात. आंबेधारला वर्षभर एकच चढते.

नकाशात लिहिलंय: फाटा ते आंबेधार, नऊ किलोमीटर, डांबरी, प्रत उत्तम.

प्रत्यक्षात फाट्यावरची मोरी ओलांडली की डांबर संपतं ते संपतंच. पुढे लाल माती, मग घोट्याएवढे धोंडे, मग दोन ओढे, आणि दुसऱ्या ओढ्यानंतर एक उघडा कातळ, जिथे मी हौसाला एका हाताने धरतो आणि दुसऱ्या हाताने स्टेअरिंग. यंत्राच्या दृष्टीने मी गुळगुळीत डांबरावरून चाललोय आणि माझी गाडी वर्षभर उगाचच आपटतेय.

हारून मुल्ला हा तालुक्यातला जुना मिस्त्री. त्याचं गॅरेज म्हणजे चिंचेखाली चार पत्रे. कमान्यांना हात लावून तो गाडीचं वय सांगतो. पण त्याच्या हातचं काम चालपरीक्षेत धरत नाहीत, म्हणून मला आधी जिल्ह्याच्या मान्यताप्राप्त गॅरेजला जावं लागलं. तिथे काचेच्या खोलीत थंडगार हवा, पांढरे कपडे घातलेली पोरं, आणि गाडीखाली कुणीही जात नाही. त्यांनी तार जोडली आणि यंत्राने जे जे निकामी म्हटलं ते ते बदललं. शॉकअब्सॉर्बर काढून टाकले तेव्हा मी ते हाताने दाबून पाहिले. चांगले होते.

"हे चांगले आहेत," मी म्हणालो.

"रिपोर्टमध्ये निकामी आहेत, सर," तो पोरगा म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सर म्हटलं आणि तेही अशा वेळी.

गाडी पुन्हा नापास झाल्यावर त्याच गॅरेजने मला लेखी कळवलं की दोष चालकाच्या चालवण्याच्या पद्धतीत असावा. तो कागद मी हारूनला दाखवला. त्याने तो वाचला आणि त्यालाच हात पुसले.

"इष्णूभाऊ, गाडीला काय बी झालं न्हाई. तुज्या नकाशाला रोग झालाय. त्यो मला बरा करता येत न्हाई."

"ती पेटी काढून टाकली तर?"

"काडली की इंजिन तितंच मरतं. गेल्या साली एकानं काडली. त्याच्या ट्रकात आता कोंबड्या ऱ्हात्यात."

युक्ती मात्र त्यानेच सुचवली. पुण्याच्या एका ऑफ-रोड मंडळाच्या गाड्या अधूनमधून त्याच्याकडे यायच्या. ही माणसं चांगले रस्ते सोडून मुद्दाम दगडधोंड्यांत गाडी घालतात आणि त्यासाठी सुट्टी काढतात. हारूनने त्यांना फोन करून सांगितलं की आंबेधारची वाट एकदम अवघड आहे. इतकं पुरलं. पुढच्याच रविवारी बत्तीस गाड्या फाट्यावर हजर. मी एक-एक मोजली. तिसाव्या गाडीने मोरी ओलांडली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि गॉगल लावलेल्या एका बाईंनी विचारलं, "काका, धूळ गेली का?"

ते लोक दिवसभर आनंदाने आपटले. कातळावर एकाचा बंपर तुटला तर बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. हौसाने सगळ्यांना ताक दिलं. जाताना एकजण माझा हात हातात घेऊन म्हणाला, "काय नशीबवान आहात तुम्ही, रोज इथून जाता."

चार दिवसांनी पाटोळे मॅडमचा फोन आला. त्या बत्तीस गाड्यांची नोंदणी क्रीडावाहन म्हणून होती. क्रीडावाहनाला बसलेले धक्के यंत्र ऐच्छिक धरतं, कारण ती माणसं खड्डे शोधून शोधून त्यात जातात. ऐच्छिक धक्के रस्त्याच्या हिशेबात येत नाहीत. म्हणजे हौसेने बसलेला धक्का माफ, आणि माझ्या हौसाला बसलेला धक्का म्हणजे गाडीतला दोष.

नऊपैकी चार वार संपले होते. आता एकच माणूस उरला होता, आणि त्याच्या दारात जायचं मी टाळत होतो.

धोंडीराम येडगे म्हणजे हौसाचा थोरला भाऊ. आमच्या ग्रामपंचायतीचा तो दहा वर्षं सरपंच होता. आई गेल्यावर हौसाला त्यानेच वाढवलं आणि त्यानेच माझ्या पदरात घातलं. नकाशातला रस्ता त्याच्या डोक्यातून निघालेला. त्यात त्याने एक रुपया खाल्लेला नाही, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. आमची वाडी अभयारण्याच्या हद्दीत येते, आणि हद्दीत नवा रस्ता करायला बंदी आहे. पण जुना रस्ता असेल तर त्याच्या दुरुस्तीला बंदी नाही. धोंडीरामने हे कुठल्याशा बैठकीत ऐकलं आणि घरी येऊन म्हणाला, रस्ता आधीपासून आहे असं दाखवू, मग दुरुस्ती मागू. नोंदणीचा माणूस पावसाळ्यात आला, तोही फाट्यापर्यंतच. तिथल्या टपरीत पाच पंचांनी सह्या केल्या. पाचांत माझी सही पहिली, कारण अक्षर माझंच बरं.

फॉर्ममध्ये प्रत लिहायची होती. उत्तम, मध्यम की वाईट. दुरुस्ती हवी तर वाईट लिहायला हवं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण तो परका माणूस पेन घेऊन समोर बसला होता. त्या वर्षी वाडीतल्या चार मुलांची लग्नं अडली होती. आंबेधारला रस्ता नाही म्हणून कुणी मुलगी द्यायला तयार नव्हतं. आपल्याच गावाला आपल्याच सहीने वाईट म्हणायचं, तेही सरकारी कागदावर, हे आम्हा पाचांपैकी एकालाही जमेना. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी 'उत्तम' लिहिलं. उत्तम रस्त्याला दुरुस्ती कोण देतो? आठ वर्षं झाली, कुणी दिली नाही. मुलांची लग्नंही जमली नाहीत, ती पोरं शहरात निघून गेली.

धोंडीराम अंगणात वासराच्या गळ्यातलं दावं सोडवत होता. मी सगळं सांगितलं. प्रत बदलायला तीस गाड्या लागतात; त्या नसतील तर नकाशातून रस्ताच काढायचा, आणि त्यासाठी रस्ता कधीच नव्हता असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, म्हणजे पंचनामा खोटा ठरेल, म्हणजे पंचांवर आणि सरपंचावर गुन्हा.

त्याने दावं खाली ठेवलं. "द्या की मग, दाजी. माजं वय झालंच हाय. आत काय आन् भाईर काय."

"आत मी पण जाईन, पाव्हणं. सही पयली माजी हाय. मग हौसाला खाली कोण न्यायचं?"

आम्ही दोघं त्या वासराकडे बघत बसलो.

घरी हौसाने सगळं ऐकून घेतलं. चुलीजवळ बसली होती, पाणी मोजून पीत होती. तिला दिवसाला दोन पेलेच पाणी चालतं.

"दादाला बेड्या घालून मी रगत धुऊन घ्यायचं व्हय?" ती म्हणाली. "तसलं रगत मला नगं."

"मग खाली खोली घेऊन ऱ्हाऊ."

"पंधरा दिस ऱ्हायले की. भिताडाकडं बगत. म्हशीला हात लावायला मिळंना का डोंगुर दिसंना. अवं, मला जगायला यंत्र लागतं, ते मी घेते. पर जगायचं कुठं, ते तरी मला ठरवू द्या."

तिच्याशी वाद घालायचा तर आवाज चढवावा लागतो, आणि दोन वर्षांत मी तिच्यावर आवाज चढवलेला नाही. मला त्या वेळी तिचा राग आला होता, हेही सांगून टाकतो.

शेवटचे दोन वार राहिले तेव्हा पाटोळे मॅडमनी मला आपणहून बोलावलं. मुलीच्या वयाच्या त्या. माझ्यापायी त्यांनी दोनदा वर लिहून पाहिलं होतं आणि दोनदा वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या होत्या.

"काका, एक सुचलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रस्ता नव्हता असं म्हणूच नका. होता, पण गेला असं म्हणा. यंदा तुमच्याकडे दरड पडली होती ना?"

पडली होती. श्रावणात दुसऱ्या ओढ्यापाशी दोन मोठे दगड आले होते. ते आम्ही पहारीने बाजूला केले होते.

"आपत्तीचा पंचनामा एका दिवसात नकाशावर चढतो. रस्ता नष्ट झाला म्हटलं की यंत्र तुमचे धक्के उघड्या जमिनीवर मोजेल. गाडी पास. आणि जुनी सही कुणाचीच खोटी ठरत नाही."

मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत धोंडीरामच्या ओसरीवर पाच पंच बसले. यातले दोघं पूर्वीचेच, बाकीचे खालच्या वाड्यांतून गाडीने आणलेले. लिहायला पुन्हा मीच. किती लांबीचा रस्ता नष्ट झाला, असा रकाना होता. दोन दगडांनी फार तर वीस मीटर. पण धक्के तर सगळ्या वाटेवर बसतात. एकाने म्हटलं, निम्मा लिही. मी नऊच्या नऊ किलोमीटर लिहिले. धोंडीरामने सही करताना जीभ दातांत धरली होती. सही झाल्यावर कितीतरी दिवसांनी तो हसला.

"दाजी, आपन रस्ता केला बी कागदावर आन् पाडला बी कागदावर. दगूड मातूर खरा हातानं उचलला."

मंगळवारी गाडी पुन्हा परीक्षेला उभी केली. यंत्राने वर्षभराचे तेच धक्के घेतले, पण आता रस्त्याशिवाय मोजले. निकाल यायला बारा सेकंद लागले. कमान्या उत्तम, शॉकअब्सॉर्बर उत्तम, चासी उत्तम, वाहन प्रवाशांस सुरक्षित. मॅडम खुर्चीतून उठून बाहेर आल्या आणि त्यांनी हिरवं चिन्ह काचेवर स्वतः चिकटवलं. हौसाने त्यांच्यासाठी घरचं तूप आणलं होतं. त्या नको नको म्हणत होत्या, हौसाने बाटली त्यांच्या हातात कोंबली.

हारूनकडे गेलो. तो गाडीखालून बाहेर न येताच म्हणाला, "पास? कशी काय? म्या तर काय बी केलं न्हाई."

"तेच तर," मी म्हणालो.

डायलिसिस दुपारी तीनला संपलं. हौसाला मागच्या बाकावर आडवं केलं, अंगावर शाल घातली. ती त्या दिवशी जास्तच गळून गेली होती, पण तोंडावर समाधान होतं. फाट्यापर्यंत मी गाणं गुणगुणत होतो. मला गाता येत नाही आणि हौसाने डोळे न उघडता तसं सांगितलंही.

मोरीवर पुढची चाकं गेली आणि इंजिन बंद पडलं.

पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं, पहिला गिअर टाकला, बंद. रिव्हर्स टाकला तर गाडी मुकाट मागे गेली. पुन्हा पुढे घेतली, मोरीवर बंद. मग समोर अक्षरं आली. आपले वाहन उत्तम स्थितीत आहे. पुढे मार्ग नाही. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी वाहन थांबवले आहे.

मी पाटोळे मॅडमना फोन लावला. त्यांनी नकाशा उघडला.

"काका, नवा नकाशा तुमच्या पेटीत आज परीक्षेच्या वेळीच उतरला, आणि दरडीने नष्ट झालेल्या मार्गावर गाडी जाऊ देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एक बस दरीत गेली, तेव्हापासून तसं केलंय. हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

"मग उघडा तो मार्ग."

"तो पुन्हा बांधला तरच उघडतो."

"पुन्हा बांधायचा म्हणजे?"

"नकाशात आता तिथे काहीच नाही. म्हणजे तो नवा रस्ता धरतील. आणि तुमच्याकडे हद्दीत नव्या रस्त्याला..." पुढचं त्यांना बोलवेना. त्या रडत होत्या. मीच त्यांना म्हणालो, असू द्या, तुमचा काय दोष.

आणि खरंच त्यांचा दोष नव्हता. धोंडीरामचाही नव्हता. दरीत गेलेल्या बसमधल्या माणसांसाठी ज्याने कुणी तो नियम केला, त्याचाही नव्हता. कुणाची मानगूट धरावी हे कळत असतं तर मी त्या क्षणी धरली असती. मी गाडीच्या बॉनेटवर मूठ आपटली, तेवढाच एक धक्का त्या पेटीने आणखी नोंदवला असेल.

वाडीत फोन केला. दीड तासाने धोंडीराम खाली उतरला. एकटाच. खांद्यावर वासा, वाशाला घोंगडी गुंडाळलेली. ऊन अजून होतं. त्याने गाडीवरचं हिरवं चिन्ह पाहिलं, ती अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली, आणि मग घोंगडीची दोन्ही टोकं वाशाला बांधायला लागला.

"बाकीचे?" मी विचारलं.

"कोन हाय वाडीत? शेजारचा नामा गुडघ्यानं बसलाय. बाकी म्हातारी आन् बाया. पोरं शहरात. तुमी आन् मी."

तो एकसष्टचा. मी चौपन्नचा. हौसाला आम्ही घोंगडीत निजवलं. तो पुढे, मी मागे. वासा खांद्यावर घेतला आणि मोरी ओलांडली.

पहिल्या ओढ्यात उतरताना धोंडीरामचा पाय घसरला, पण त्याने गुडघा टेकून वासा वरच धरला. आम्ही तिला खाली ठेवली. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. त्याने ते पाहिलंही नाही. तो तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "हौसे, माजं चुकलं गं."

"तुजं काय चुकलं, दादा," ती म्हणाली. "तू रस्ताच मागितला व्हतास."

मग तो तोंडावर टॉवेल धरून रडला. एवढा मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला आणि मला काय करावं ते सुचलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. थोड्या वेळाने हौसानेच घोंगडीतून मान वर केली.

"शुक्करवारी मी यायची न्हाई," ती म्हणाली. "दोगंबी मराल."

"येशील," मी म्हणालो.

"आन् मंगळवारी? आन् त्याच्या फुडच्या शुक्करवारी?"

धोंडीराम बोटांवर काहीतरी मोजू लागला. वाडीतली माणसं मोजत असावा. अंगठ्यापासून सुरू करून तो दुसऱ्या बोटावर थांबला आणि मूठ मिटून घेतली. मग उठला, टॉवेल डोक्याला बांधला आणि वाशाखाली खांदा दिला. मीही दिला.

दवाखान्यात प्रत्येक वेळी वजन करतात. त्या दिवशी तिचं एक्केचाळीस भरलं होतं, मागच्या महिन्यात चव्वेचाळीस. सिस्टरने ते मला काळजीच्या सुरात सांगितलं होतं. कातळाचा चढ सुरू झाला, वासा खांद्यात रुतायला लागला, आणि मला ते तीन किलो आठवले. ही अशीच हलकी होत गेली तर दर खेपेला चढ थोडा सोपा जाईल, असं माझ्या मनात आलं. मनात आलं आणि मला बरं वाटलं.

पुढून धोंडीरामने विचारलं, "जड व्हतंय का, दाजी?"

मी नाही म्हणालो. घोंगडीतून हौसा माझ्याकडेच बघत होती, आणि मला तिच्याकडे बघता येईना.